विश्लेषण : लुई ब्रेल यांच्या सहा ठिपक्यांची कसोटी आजच्या सॉफ्टवेअरलाही का लागू पडते?

मोबाइल आणि संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी अनेक सॉफ्टवेअर आज दृष्टिहीनांसाठी उपलब्ध आहेत. मात्र ऐकता येणे म्हणजेच वाचता येणे का, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधील एका शाळकरी मुलाने कृतीतून सोडवला होता. त्याचे नाव लुई ब्रेल.

बालपण कसे गेले?

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कुव्रे गावात झाला. वडील खोगीर आणि घोड्यांचा चामडी साज बनवत. तीन वर्षांचा असताना लुई वडिलांच्या कारखान्यात खेळत होता. तेथील आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. तरीही आईवडिलांनी त्याला गावच्या शाळेत घातले. १८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला.

तेव्हा दृष्टिहीन मुले काय वाचत?

शाळेचे संस्थापक व्हॅलेंतिन हाउई यांनी कागदावर उठावदार रोमन अक्षरे छापण्याची पद्धत आणली होती. ती डोळस माणसाला सुबक दिसत. बोटांना मात्र एकेक अक्षर चाचपडत ओळखावे लागे. पुस्तके जाडजूड आणि मोजकीच होती. शिवाय मुलांना स्वतःला असे लिहिता येत नसे.

सहा ठिपके कसे सुचले?

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. ठिपके बोटांना चटकन कळत, पण त्यात दोन उणिवा होत्या. एका चिन्हात बारापर्यंत ठिपके असल्याने ते बोटाच्या टोकाखाली मावत नसे. दुसरे म्हणजे ही लिपी फक्त उच्चार नोंदवत असे. शुद्धलेखन आणि विरामचिन्हांना तीत जागाच नव्हती.

लुईने दोन्ही उणिवा दूर केल्या. बाराचे सहा ठिपके केले आणि उच्चाराऐवजी अक्षराला खूण दिली. सहा ठिपक्यांतून ६३ खुणा तयार होतात. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, लिपीचा आराखडा तयार झाला. १८२९ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. याच पद्धतीने संगीतही लिहिता येऊ लागले. ब्रेल स्वतः उत्तम ऑर्गनवादक होते.

मग विरोध का झाला?

ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले, पण डोळस शिक्षकांना ही लिपी वाचता येत नव्हती. दृष्टिहीनांची लिपी वेगळी झाली तर ते समाजापासून तुटतील, असाही आक्षेप होता. १८४० मध्ये संचालक बदलले आणि ब्रेल लिपी बाजूला सारली गेली. विद्यार्थी मात्र ती आपापसात वापरत राहिले. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. दरम्यान, दृष्टिहीनांना डोळस नातलगांना पत्र लिहिता यावे म्हणून ब्रेल यांनी ठिपक्यांतून रोमन अक्षरे उमटवण्याची वेगळी पद्धत काढली. पुढे पिएर फुको या दृष्टिहीन मित्राने त्यासाठी यंत्रही बनवले.

क्षयाने ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी ब्रेल यांचे निधन झाले. शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.

आज याचा संबंध काय?

स्वतंत्र भारतात १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान 'भारती ब्रेल' स्वीकारली गेली. मराठीही तीतच लिहिली जाते. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द वाचक सॉफ्टवेअरच्या आवाजात जवळपास सारखेच ऐकू येतात. ब्रेलमध्ये मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या खुणा वेगळ्या असल्याने बोटाला फरक लगेच समजतो. संगणकाला जोडायच्या ब्रेल पट्टीवर ठिपके वरखाली होऊन पडद्यावरचा मजकूर हाताखाली येतो.

म्हणूनच असे सॉफ्टवेअर निवडताना केवळ आवाज गोड आहे का, हे पाहणे पुरेसे नाही. शब्द अक्षरागणिक तपासता येतो का, विरामचिन्हे कळतात का, मराठी ब्रेल नीट उमटते का आणि वापरणाऱ्याला स्वतः लिहिता येते का, हे पाहायला हवे. तसेच ही चाचणी रोज वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीनेच घ्यायला हवी. उठावदार अक्षरे डोळसांनी पसंत केली होती. ती अडचणीची ठरली बोटांना.