कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७, पुणे – ११ एप्रिल २००१) या कर्करोग आणि कुष्ठरोग यांवर संशोधन करणाऱ्या भारतीय जीवशास्त्रज्ञ होत्या. माहेरचे आडनाव समर्थ. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे ही फर्ग्युसन महाविद्यालयात शिकविणाऱ्या वडिलांची इच्छा त्यांनी मानली नाही.

१९४९ साली डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळविली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्यांनी अभ्यासला.

त्यांच्या चरित्रांत तुलनेने उपेक्षित राहिलेले कार्य कुष्ठरोगाचे आहे. बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळविलेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढविला (१९५८). संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जिवाणू म्हणून ओळखला जातो. तो प्रत्यक्ष कुष्ठजंतू नव्हे. कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात अद्यापही वाढत नाही. मात्र दोघांत साम्य पुरेसे आहे. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात रुग्णाच्या टी पेशी कुष्ठजंतूला प्रतिसाद देत नाहीत. किरणोत्साराने निष्प्राण केलेल्या या जिवाणूंपासून पुढे डॉ. माधव देव यांच्या गटाने लस तयार केली; ती टोचल्यावर अनेक रुग्णांत हा प्रतिसाद दिसू लागला. मूत्राशयाच्या कर्करोगावरील बीसीजी उपचारामागील तत्त्वही याच्या जवळचे आहे. बीसीजीचे जिवाणू मूत्राशयात सोडले, की रोगप्रतिकारक पेशी रक्तातून त्याच्या अस्तराकडे येतात व अर्बुदावर हल्ला करतात.

रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला.