कायदेपंडित आसफ अली असगर फैजी

इस्लामी अध्ययनात एम. ए. करावयाचे आहे, असे एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरी सांगितले की पालकांचा पहिला प्रश्न असतो : पुढे नोकरी कोणती? प्रश्न चुकीचा नाही. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या सामान्य कुटुंबाला पदवीच्या खर्चाचा हिशेब करावाच लागतो. दुसरा प्रश्न असतो तो असा की, दीनी तालीम देण्यास मदरसे आहेत, मग विद्यापीठात हा विषय कशाला? या दोन्ही प्रश्नांचा विचार करताना बॅरिस्टर आसफ अली असगर फैजी यांचे चरित्र पालकांनी व विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. वकिलीच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून ठाऊक असते. माणूस मात्र फारसा कोणास माहीत नाही.

फैजीसाहेबांचा जन्म १८९९ साली आपल्याच महाराष्ट्रात, माथेरान येथे झाला. घराणे सुलेमानी बोहरा जमातीचे व सुशिक्षित. मुंबईच्या सेंट झेवियर्समधून शिक्षण झाल्यावर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस जाणारे त्या काळी पुष्कळ होते. फैजींनी मात्र कायद्याच्या जोडीला अरबी व फारसी या भाषांचा पद्धतशीर अभ्यास केला. ब्राउन आणि निकल्सन यांच्यासारखे विद्वान तेव्हा केंब्रिजला होते. १९२५ साली ते बॅरिस्टर झाले व पुढील वर्षापासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. केंब्रिजची एम. ए. ही पदवी बी. ए. नंतर काही वर्षांनी वेगळी परीक्षा न देताच मिळते. म्हणजे पदवी नावापुढे लागली ती सहज. खरा अभ्यास त्यांनी पुढे पन्नास वर्षे केला.

या अभ्यासाची गरज काय होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. इंग्रजी अमदानीत कोर्टातील न्यायाधीशांना अरबी येत नसे. मुसलमानांचे निकाह, तलाक, वारसा, वक्फ यांचे खटले ते इंग्रजी भाषांतरांवरून चालवीत. त्यांतील एक प्रमुख आधार म्हणजे १७९१ साली छापलेले हॅमिल्टनचे हिदायाचे भाषांतर. आणि गंमत अशी की, हे भाषांतर मूळ अरबीवरून नव्हे, तर एका फारसी भाषांतरावरून केलेले होते! म्हणजे शरीयतचा निकाल भाषांतराच्या भाषांतरावरून लागत असे. १८९४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कुटुंबाच्या निर्वाहासाठी केलेला वक्फ रद्दबातल ठरविला. धर्मकार्यासाठी दिलेल्या मिळकतीचा लाभ आपल्याच मुलाबाळांना कसा, अशी त्यांची शंका होती. आप्तांचा सांभाळ हेही इस्लाममध्ये पुण्यकर्म आहे, हे त्यांच्या गळी उतरले नाही. समाजाला चळवळ करावी लागली आणि १९१३ साली कायदा झाला, तेव्हा तो हक्क परत मिळाला. ज्या जिल्ह्यात दर्ग्यांच्या व मशिदींच्या वक्फ जमिनी आहेत, तेथील लोकांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मूळ ग्रंथ वाचू शकणारा आणि कोर्टाची भाषाही जाणणारा माणूस हवा होता. फैजीसाहेब तसे निघाले. १९३३ साली इस्माइली मृत्युपत्रांच्या कायद्यावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच साली मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन स्थापन झाली, तिच्या उभारणीत ते होते. १९३८ ते १९४७ ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. १९४९ साली त्यांचा 'आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ' हा ग्रंथ निघाला. आज पाऊणशे वर्षांनंतरही तो वकिलांच्या टेबलावर दिसतो.

त्याच साली स्वतंत्र भारताने त्यांना इजिप्तमध्ये राजदूत म्हणून पाठविले. पुढे ते संघ लोकसेवा आयोगाचे सदस्य आणि १९५७ ते १९६० जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. नोकरी कोणती, या प्रश्नाला एवढे उत्तर पुरे व्हावे. अर्थात प्रत्येक एम. ए. झालेला राजदूत होत नाही, हेही पालकांना ठाऊक आहे. पण अरबी शिकल्याने त्यांची वाट अडली नाही, हे तर खरे.

त्यांचे सर्वच विचार समाजाला पटले असे नाही. १९६३ सालच्या 'ए मॉडर्न अप्रोच टू इस्लाम' या पुस्तकात त्यांनी धर्म आणि कायदा यांचे क्षेत्र वेगळे समजावे व प्रत्येक युगाने नवा अर्थ लावावा, असे प्रतिपादन केले. अनेक आलिमांना हे मान्य नव्हते, आजही नाही. प्रस्तुत लेखकालाही त्यातील काही भाग धाडसाचा वाटतो. परंतु त्यांना उत्तर द्यावयाचे तर मूळ अरबी ग्रंथ उघडूनच द्यावे लागते.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र सामान्य वाचकास अपरिचित आहे. फातिमी राजवटीतील काझी नुमान यांचा 'दआइमुल इस्लाम' हा हजार वर्षांपूर्वीचा फिकहचा ग्रंथ बोहरा घराण्यांच्या हस्तलिखितांतून टिकून होता. फैजींनी वेगवेगळ्या प्रती ताडून त्याचा शुद्ध पाठ तयार केला. पहिला खंड १९५१ साली कैरोत छापला गेला, दुसरा १९६० साली. आपल्या संग्रहातील इस्माइली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली.

१९८१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा 'दआइम'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध व्हावयाचे राहिले होते. प्रा. इस्माइल पूनावाला यांनी त्यावर संस्कार करून ते पूर्ण केले. त्याचा पहिला खंड २००२ साली व दुसरा २००४ साली प्रसिद्ध झाला. आज अलीगढ, दिल्लीची जामिया मिल्लिया आणि आपल्याला जवळचे हैद्राबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ येथे इस्लामी अध्ययनाचा एम. ए. शिकविला जातो. परभणीहून हैद्राबादला रेल्वेने एका रात्रीत पोहोचता येते.