एका पंगतीची शिस्त

वसतिगृहाचा नियम मोडला म्हणून एका विद्यार्थ्याला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले. पुढे त्याच विद्यार्थ्याने साताऱ्यात एक वसतिगृह उभारले आणि तिथले नियम इतके कडक ठेवले, की ते पाळताना भल्याभल्यांची कसोटी लागावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रातील ही विसंगती वरवरची आहे. शिस्तीशी त्यांचे वैर कधीच नव्हते. कोणता नियम माणसाला घडवतो आणि कोणता नियम माणसाला माणसापासून तोडतो, हा प्रश्न मात्र विद्यार्थिदशेतच त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याचे उत्तर देण्यात त्यांचे उभे आयुष्य खर्ची पडले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते. मुलाचा पिंड अभ्यासापेक्षा तालमीचा. अंगापिंडाने दणकट, स्वभावाने हूड आणि अन्याय दिसला की हात आवरता न येणारा. अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या विहिरीचा रहाट त्यांनी लहानपणी मोडून टाकल्याची हकीकत त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. पुढच्या आयुष्याची दिशा त्या एका घटनेतही ओळखू येते.

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. ते राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर होते. खेड्यापाड्यांतील मुलांना शहरात राहण्याची सोय नसेल, तर शाळा उघडूनही उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि पाठोपाठ एकेका समाजासाठी स्वतंत्र वसतिगृहे उभी राहिली. वेगवेगळ्या जातींची मुले एका छपराखाली जेवायला तयार होणार नाहीत, हे त्या काळाचे वास्तव होते. शिक्षण आधी, सहभोजन नंतर, असा तो व्यवहारी मार्ग होता. त्या मार्गाने शेकडो मुले शिकली, हे विसरून चालणार नाही.

जैन बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे उच्चशिक्षित, सुधारक वृत्तीचे आणि पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले कर्तबगार गृहस्थ. परंतु बोर्डिंगला समाजाचा आश्रय होता आणि समाजाला सोवळेओवळे प्रिय होते. स्नान करून, सोवळे नेसूनच पानावर बसायचे, हा तिथला दंडक. भाऊरावांना तो जाचू लागला. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, अशी त्यांच्याकडून अपेक्षा होती. त्यांनी ती धुडकावली आणि बोर्डिंगचे दार त्यांना बंद झाले. काही काळ शाहू महाराजांनीच त्यांना आसरा दिला. शाळेतले शिक्षण मात्र मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. ज्यांच्या नावाने पुढे महाविद्यालये चालली, त्यांच्या स्वतःच्या पदरी मॅट्रिकचे प्रमाणपत्रही नव्हते.

या प्रकरणाला काही वर्षांनी एक वेगळेच वळण मिळाले. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजदांपत्याच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळवण्यात आली. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, यासाठी भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले, त्याचा सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी ती नाकारली. त्यांना कोठडीत डांबण्यात आले, छळ सोसावा लागला. तो असह्य होऊन त्यांनी आत्महत्येचा प्रयत्नही केला, पण खोटे बोलायला ते राजी झाले नाहीत. सोवळ्याचा नियम मोडताना न कचरलेला हा तरुण सत्याच्या नियमापुढे जीव पणाला लावायला तयार झाला. कोणत्या शिस्तीला मान तुकवायची आणि कोणत्या शिस्तीला नाही, याचा त्यांच्या मनाशी झालेला निवाडा या दोन प्रसंगांत स्पष्ट दिसतो.

पोटापाण्यासाठी भाऊरावांनी बरेच काही केले. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खेडोपाडी नेऊन खपवले. या फिरतीचा मोबदला पगारापेक्षा मोठा होता. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्यांनी रयतेचे दैन्य जवळून पाहिले. नांगर सुधारला, तरी तो धरणाऱ्याच्या मुलाला अक्षरओळख नसेल, तर सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे त्याला कळणार नाही, याची जाणीव त्यांना झाली. पुढे सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. मात्र शिक्षणकार्याला कारखान्याकडून मिळायच्या मदतीवरून मतभेद झाले आणि भाऊरावांनी त्या कामावर पाणी सोडले.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा पगडा त्यांच्यावर होताच. दूधगावात मित्रांच्या साथीने सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवण्याचा अनुभवही गाठीशी होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये कार्य साताऱ्याला आले आणि तिथे भाऊरावांनी मोजक्या मुलांना घेऊन वसतिगृह सुरू केले. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सर्व जातीधर्मांची मुले इथे एकत्र होती. शाहू महाराजांचे निधन १९२२ मध्ये झाले होते. त्यांनी जातवार वसतिगृहे काढून शिक्षणाची वाट मोकळी केली. त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल भाऊरावांनी टाकले आणि वसतिगृहाला नाव दिले छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते हे नामकरण झाले. निरनिराळ्या जातींची मुले सहजपणे एकत्र राहताना पाहून गांधीजींनी भाऊरावांना मनःपूर्वक शाबासकी दिली.

या वसतिगृहाचा पहिला नियम पंगतीचा होता. सर्वांनी एकत्र बसायचे आणि एकाच चुलीवरचे अन्न खायचे. स्वयंपाक कोणी केला, हे विचारायचे नाही. आज हे वाक्य साधे वाटते. ज्या काळात एकाच गावातले लोक वेगवेगळ्या पाणवठ्यांवर पाणी भरत, त्या काळात मात्र पोराला तिथे ठेवायचे की परत न्यायचे, हा पालकांपुढे खरा पेच असे. नातेवाईक बोल लावतील, सोयरीक जमणार नाही, अशी भीती असे. भाऊराव या बाबतीत तडजोड करीत नसत. फीची सवलत मागा, धान्याची मुदत मागा, पण वेगळे पान मागू नका, अशी त्यांची भूमिका होती.

दुसरा नियम श्रमाचा. वसतिगृहात नोकर नव्हता. दळण, पाणी, भाकऱ्या, भांडी, झाडलोट, कपडे धुणे, सगळी कामे मुलांनीच करायची. कामे जातीवर ठरत नसत, त्यामुळे पाटलाच्या मुलालाही झाडू धरावा लागे आणि महाराच्या मुलालाही चुलीपुढे बसावे लागे. ज्या समाजात जात म्हणजेच काम, तिथे कामांची अशी फिरवाफिरव ही व्याख्यानापेक्षा परिणामकारक शिकवण होती. ज्याची ऐपत असेल, त्याने धान्य किंवा पैसे द्यावेत आणि ज्याच्यापाशी काहीच नसेल, त्याने अंगमेहनत द्यावी, असा हिशेब होता. कोणाला फुकट काही मिळत नव्हते. म्हणूनच गरीब मुलाला कोणापुढे मिंधेपणाने उभे राहावे लागले नाही. कमवा आणि शिका ही योजना पुढे महाराष्ट्रभर नावारूपाला आली, तिचे मूळ या दिनक्रमात आहे.

तिसरी अपेक्षा साधेपणाची. अंगावर खादी, राहणी काटकसरीची, वेळेचा काटेकोरपणा. भाऊराव, म्हणजे मुलांचे अण्णा, रागीट होते. चुकणाऱ्याची गय होत नसे. पण जे मुलांकडून मागायचे, ते आधी स्वतः करायचे, हा नियम त्यांनी स्वतःला लावला होता. खांद्यावर घोंगडे टाकून ते गावोगाव फिरत, मुलांसाठी धान्य गोळा करीत. आपल्या घरासाठी वेगळे आणि मुलांसाठी वेगळे, असे त्यांनी काही ठेवले नाही.

या शिस्तीची सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. भाऊरावांच्या या पत्नी सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. लग्नानंतर त्यांच्या घरात सर्व जातींची मुले वावरू लागली आणि त्या सगळ्यांच्या आई झाल्या. आजारी मुलाची शुश्रूषा करण्यापासून लहानग्यांना न्हाऊ घालण्यापर्यंत सारे त्यांच्याकडे आले. पैशांची चणचण कायमचीच. एकेक दागिना विकला गेला आणि एक दिवस मुलांच्या जेवणासाठी त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. हिंदुस्थानातल्या सवाष्णीसाठी याहून मोठा त्याग नव्हता. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. वसतिगृहाच्या इतिहासात भाऊरावांचे नाव मोठे आहे, पण ती पंगत रोज मांडली गेली ती लक्ष्मीबाईंच्या बळावर, हे रयतचे जुने विद्यार्थी कृतज्ञतेने सांगत आले.

साताऱ्याचा प्रयोग तिथेच थांबला नाही. १९३२ मध्ये पुणे करार झाला. त्याच्या स्मरणार्थ भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. करारावर सह्या पुढाऱ्यांनी केल्या होत्या. मुलांनी एकत्र राहून तो पाळावा, अशी त्यामागची कल्पना. १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय निघाले, कारण ही शिस्त खेड्यात न्यायची, तर ती अंगी बाणलेले शिक्षक हवे होते. ज्या गावांत शाळा नव्हती, तिथे संस्थेने प्राथमिक शाळा काढल्या. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. निवासी आणि विनाशुल्क अशा या शाळेत मुले शेतात राबत आणि शिकत. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतर भाऊरावांची वाट सोपी झाली नाही. सरकारवर टीका करायलाही ते कचरत नसत. १९४८ मध्ये संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले. शिक्षकांनी पोटाला चिमटा घेतला, गावकऱ्यांनी धान्य पुरवले आणि शाळा चालू राहिल्या. गाडगे महाराजांसारख्या संताने संस्थेसाठी शब्द टाकला. अनुदान पुढे पुन्हा सुरू झाले. स्वावलंबनाचा जो नियम मुलांना लावला होता, त्याची परीक्षा आता संस्थेलाच द्यावी लागली होती. याच काळात गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. अनुदान हाती नसलेल्या माणसाने असा संकल्प सोडावा, हे धाडसच होते. पण त्यांच्या हयातीतच संस्थेच्या माध्यमिक शाळांनी शंभरी ओलांडली.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी पद्मभूषण किताबही मिळाला. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

शाळेची शिस्त म्हटले की गणवेश, घंटा, रांग आणि छडी डोळ्यांपुढे येते. भाऊरावांच्या वसतिगृहात हे थोडेबहुत होतेच. काही मुलांना त्यांचा धाक जड गेला असेल, यातही शंका नाही. तरीही त्या नियमांमागे एक स्वच्छ कसोटी होती. नियम सर्वांना सारखा असावा, तो घालून देणाऱ्यालाही लागू असावा आणि तो पाळल्याने शेजारी बसलेला मुलगा परका न वाटता आपला वाटावा. सोवळ्याचा दंडक या कसोटीला उतरत नव्हता, म्हणून त्यांनी तो मोडला. भाकरी थापण्याचा आणि एका पंगतीत बसण्याचा नियम उतरत होता, म्हणून त्यांनी तो आयुष्यभर पाळायला लावला.

त्या पंगतीत बसलेल्या मुलांपैकी पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. बाकीच्यांतून शिक्षक झाले, वकील झाले, लोकप्रतिनिधी झाले, कित्येक जण शेतीकडे परतले. २०१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. त्या वृक्षाच्या पारंब्या आज दूरवर पोहोचल्या आहेत, पण त्याचे मूळ साताऱ्यातल्या त्या स्वयंपाकघरात आहे, जिथे निरनिराळ्या घरांतून आलेली मुले आळीपाळीने चुलीपुढे बसत आणि भाकरी कोणाच्या हातची आहे, हे कोणी विचारत नसे.