शाळेबाहेरील मुलांचे कैवारी

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेस आजरा तालुका आहे. डोंगर, मुसळधार पाऊस आणि भाताची खाचरे असा हा प्रदेश. या तालुक्यातील बहिरेवाडी नावाच्या लहानशा गावी ५ सप्टेंबर १९०७ रोजी एका सामान्य परिस्थितीतील कुटुंबात विठ्ठल हरी घोटगे यांचा जन्म झाला. पुढे त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव धारण केले आणि जे. पी. नाईक या नावानेच ते देशभर ओळखले जाऊ लागले. कालांतराने ५ सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात शिक्षकदिन म्हणून पाळला जाऊ लागला. ज्यांनी आपले सारे आयुष्य शिक्षणास वाहिले, त्यांचा जन्मदिवसही तोच असावा, हा एक सुंदर योगायोग होय.

ते दहा वर्षांचे असताना, १९१७ साली, छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जो पालक आपले मूल शाळेत पाठविणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. शाळा ही मोजक्या घरांतील मुलांसाठी नसून राज्यातील प्रत्येक मुलासाठी आहे, हा विचार कोल्हापूरच्या भूमीत असा फार लवकर रुजला. नाईकांच्या पुढील कार्याकडे पाहिले म्हणजे या भूमीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

नाईकांची बुद्धी तीव्र होती आणि गणितात त्यांना विशेष गती होती. मनात आणते तर चांगल्या पगाराची नोकरी करून ते सुखाने राहू शकले असते. परंतु १९३० साली महात्मा गांधींनी सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू केली आणि हा तरुण तीत उतरला. त्यांना कारावास भोगावा लागला. सुटका झाल्यावर ते धारवाड जिल्ह्यातील उप्पीन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. तेथे त्यांनी स्वच्छता, आरोग्य व शिक्षण यांचे काम हाती घेतले. मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर शहरातील कचेरीत बसून सापडत नाही. कोणाला गुरे राखावी लागतात, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळते, कोणाला वारंवार आजार होतो. अशा खेड्यात राहूनच ही कारणे माणसाच्या नजरेस पडतात.

गणित जाणणाऱ्या माणसाला आकडे बोलके वाटतात. त्या काळचा एक आकडा फार दुःखद होता. १९२२-२३ साली पहिल्या इयत्तेत असलेल्या दर १०० मुलांपैकी तीन वर्षांनी चौथ्या इयत्तेत अवघी १८ दिसत होती. उरलेल्या ८२ मुलांपैकी काही वर्गात मागे राहिली होती, तर पुष्कळांनी शाळाच सोडली होती. शिक्षणशास्त्रात यांना स्थगिती आणि गळती असे म्हणतात. सरकारने नेमलेल्या हार्टोग समितीने १९२९ साली हा आकडा मांडला आणि शाळांची संख्या वाढविण्यापेक्षा आहेत त्या शाळा आधी सुधाराव्यात, असा सल्ला दिला.

वरवर पाहता हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. नाईकांना मात्र तो मान्य नव्हता. सय्यद नूरुल्ला यांच्या सहकार्याने त्यांनी ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. हा ग्रंथ १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या धोरणावर टीका केली. शाळा उत्तम होईपर्यंत मुलांनी दाराबाहेर थांबावे असे म्हटले, तर थांबता थांबता त्यांचे बालपणच संपून जाते, हे त्यांनी ओळखले होते.

चाळिशीच्या दशकात नाईकांनी कोल्हापूर संस्थानात शिक्षणाच्या व विकासाच्या कामात मोठा वाटा उचलला. १९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यानंतर भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठ उभे राहिले. कोल्हापूरचे व्ही. टी. पाटील आणि नाईक यांच्या परिश्रमांचे ते फळ होय. खेड्यातील मुलाला शिक्षणासाठी खेडे सोडावे लागू नये आणि शिकल्यावर खेड्याचा कंटाळाही येऊ नये, असा त्यामागील हेतू होता.

पुढे दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयाने त्यांना सल्लागार म्हणून बोलाविले. हे काम त्यांनी महिना एक रुपया एवढे नाममात्र वेतन घेऊन केले. राहणी साधी, कामाचा उरक दांडगा आणि देशभरातील शाळांची माहिती मुखोद्गत, अशी त्यांची ख्याती होती.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम १९६४ साली सुरू झाले. स्वतंत्र भारताच्या शिक्षणाची पाहणी करून पुढील दिशा ठरविण्यासाठी भारत सरकारने एक आयोग नेमला. विख्यात पदार्थवैज्ञानिक डॉ. दौलतसिंह कोठारी त्याचे अध्यक्ष होते आणि नाईक हे सदस्य-सचिव होते. आयोगात एकूण १७ सदस्य होते. त्यांनी देशभर प्रवास केला, असंख्य लोकांच्या भेटी घेतल्या आणि जून १९६६ मध्ये आपला प्रचंड अहवाल सादर केला. या अहवालाच्या सिद्धतेत नाईकांचा वाटा फार मोठा होता.

या अहवालाचे सहावे प्रकरण शिक्षणातील समान संधीविषयी आहे. मुली, मागास जातींतील मुले, आदिवासी मुले, जी जी मुले शाळेपासून दूर राहिली होती, त्या सर्वांचा विचार त्यात आहे. त्यांच्याच रांगेत आयोगाने अंध, मूकबधिर, हातापायांनी अधू आणि बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलांना आणून बसविले. हे पाऊल त्या काळी साधे नव्हते. अशा मुलांना कोणी दयेने सांभाळावे, त्यांच्यासाठी दानधर्म करावा, एवढीच समाजाची समज होती. शिक्षणखात्याचा आणि त्यांचा काही संबंध आहे, असे फारसे कोणाला वाटत नसे. आयोगाने सांगितले, की हे केवळ भूतदयेचे काम नाही. योग्य शिक्षण मिळाले तर असे मूल आपल्या उणिवेवर पुष्कळ अंशी मात करते आणि उपयुक्त नागरिक बनते. म्हणून त्याचे शिक्षण हे सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचेच अविभाज्य अंग असले पाहिजे. या मुलांच्या शिक्षणाचे ध्येय निराळे नसते. निराळी असते ती शिकविण्याची रीत आणि मुलाने ज्ञान मिळविण्याचे साधन.

या वाक्यांचा अर्थ नीट समजावा म्हणून एक उदाहरण घेऊ. अंध मुलाला ब्रेल लिपीचे पुस्तक दिले, की तेही भूगोल शिकते. भूगोल तोच असतो. डोळ्यांचे काम बोटे करतात. हे पटकन ध्यानात येते. परंतु काही मुलांची अडचण अशी सहज दिसत नाही. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. नाईकांचा इतिहासग्रंथ निघाला तेच हे वर्ष. या मुलांच्या स्थितीला पुढे स्वमग्नता किंवा ऑटिझम हे नाव रूढ झाले.

स्वमग्न मुलाच्या मेंदूची वाढ आरंभापासूनच काहीशी वेगळ्या रीतीने होते. हा संसर्गाचा रोग नव्हे, आणि आईबापांच्या लाडाचा किंवा हेळसांडीचाही तो परिणाम नव्हे. अशा मुलाला इतरांच्या चेहऱ्यावरील भाव किंवा बोलण्यातील आडवा अर्थ उमगणे कठीण जाते. कोणी फार थोडे बोलते, कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी आपल्या आवडीच्या एकाच विषयावर तासन् तास बोलत राहते. शाळेची घंटा इतरांना मंजुळ वाटते, तीच एखाद्या स्वमग्न मुलाच्या कानांना असह्य होते. रोजचा क्रम बदलला, की ते गोंधळून जाते. त्याच मुलाची स्मरणशक्ती किंवा बारीकसारीक भेद टिपण्याची शक्ती कधी कधी विलक्षण असते. वर्गातील गुरुजींना हे ठाऊक नसेल, तर असे मूल त्यांना हट्टी किंवा वेडसर वाटते. मग एके दिवशी ते शाळेत येईनासे होते आणि त्याचे नाव गळतीच्या आकड्यात जमा होते.

येथे शिकविण्याची रीत बदलावी लागते. दिवसभरात कोणत्या तासानंतर कोणता तास आहे, हे लहान लहान चित्रे क्रमाने लावून दाखविले, की मुलाची भीती ओसरते. एका वेळी एकच सूचना, तीही मोजक्या शब्दांत द्यावी लागते. बोलता न येणारे मूल चित्राच्या पत्त्यावर बोट ठेवून पाणी मागते. गलबला फार झाला, तर घटकाभर बसण्यासाठी वर्गात एक शांत कोपरा ठेवावा लागतो. उद्या सहल असेल, तर ती आजच चित्रांतून समजावून सांगावी लागते. या साधनांना पैसा फार लागत नाही. कात्री, पुठ्ठा, रंग आणि मुलाला ओळखणारा शिक्षक एवढ्यावर पुष्कळ काम होते. यांतील शिक्षक मिळणे हेच सर्वांत अवघड.

ही सारी साधने १९६६ साली कोणी भारतीय शाळांत पोहोचविली होती असे नाही. त्या वेळी स्वमग्नतेची निराळी ओळख येथील शाळांना जवळजवळ नव्हतीच. तथापि आयोगाने भावनिक अस्वास्थ्य असलेली, वाचादोष असलेली, मेंदूस इजा झालेली, अशा मुलांसाठीही प्रयोग सुरू व्हावेत, असे सुचविले होते. प्रत्येक जिल्ह्यात अशा शिक्षणाची एक तरी चांगली संस्था असावी आणि जेथे शक्य असेल तेथे या मुलांना सर्वसाधारण शाळेतच इतरांबरोबर शिकवावे, असेही त्याचे म्हणणे होते. पहिली व दुसरी या इयत्ता एकच घटक मानाव्यात, म्हणजे प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाईल, हीदेखील एक शिफारस होती. ती सर्वच मुलांसाठी केलेली असली, तरी सावकाश शिकणाऱ्या मुलाला तिचा आधार अधिक वाटावा, हे उघड आहे.

मात्र आयोगाचे मन जेवढे मोठे होते, तेवढी देशाची तिजोरी मोठी नव्हती. १९८६ सालापर्यंत अंध, बधिर व हातापायांनी अधू अशा शंभरांपैकी १५ मुलांना आणि मंदबुद्धी मुलांपैकी शंभरांत ५ जणांना शिक्षण मिळावे, एवढेच उद्दिष्ट अहवालात ठेवलेले आहे. म्हणजे वीस वर्षांच्या योजनेनंतरही शंभरांतील ८५ ते ९५ मुले बाहेरच राहणार होती. समान संधीचे प्रकरण लिहिणाऱ्यांना हा आकडा मांडताना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पैसा आणि प्रशिक्षित शिक्षक यांची वाण होती हे खरे. पण थांबा म्हणण्याची पाळी पुन्हा एकदा सर्वांत दुबळ्या मुलांवर आली, हेही तितकेच खरे आहे.

नाईक या अपुऱ्या कामाकडे डोळेझाक करणारे नव्हते. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणावर लिहिलेल्या आपल्या पुस्तकाला त्यांनी अपुरे राहिलेले काम अशा अर्थाचे नाव दिले. १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले सदस्य-सचिव झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकता यावे म्हणून केंद्र सरकारने एकात्म शिक्षणाची योजना आखली, तीही याच १९७४ साली. दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात नाईकांनी भारतीय शिक्षणाला त्रिकोणाची उपमा दिली. समता, गुणवत्ता आणि संख्या या त्याच्या तीन बाजू. शाळांत मुले वाढवावी तर शिकवण्याचा दर्जा ढळतो, दर्जा सांभाळावा तर गरीब व दुबळी मुले बाहेर पडतात. तिन्ही बाजू एकदम साधणारी युक्ती शोधण्यात या गणितप्रेमी माणसाचे आयुष्य गेले. मूल शाळेच्या वेळेला जुळत नसेल, तर शाळेने मुलाची वेळ पाहावी, कोणत्याही वयात व कोणत्याही टप्प्यावर त्याला आत येता यावे, असे विचार ते आग्रहाने मांडू लागले.

उत्तरायुष्यात ते पुण्यास आले. भारतीय शिक्षण संस्थेला त्यांनी तेथे नवे जीवन दिले. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक याही थोर शिक्षणतज्ज्ञ होत्या. दिवसा काम करणाऱ्या खेड्यांतील मुलांसाठी या संस्थेने संध्याकाळचे वर्ग चालविले, आणि नाईकांच्या पश्चात चित्राताईंनी हे कार्य पुष्कळ वर्षे पुढे नेले.

३० ऑगस्ट १९८१ रोजी नाईकांचे पुण्यात निधन झाले. संयुक्त राष्ट्रसंघाने ते वर्ष जगभर अपंग व्यक्तींचे वर्ष म्हणून घोषित केले होते. पुढे युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणविचारवंतांची चरित्रे प्रसिद्ध केली, त्यांत महात्मा गांधी व रवींद्रनाथ टागोर यांच्याबरोबर बहिरेवाडीच्या या सुपुत्राचाही समावेश झाला.

स्वमग्न मुलांना मात्र कायद्याच्या पुस्तकात जागा मिळण्यास बराच काळ लागला. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी झालेल्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो प्रथम केला. २००९ साली सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगतेची यादी केली आणि तीत स्वमग्नतेची नोंद झाली. कोठारी आयोगाच्या अहवालाला त्या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण झाली होती.