पुस्तक हातावेगळं करताना बाबासाहेब

६ डिसेंबर जवळ आला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बाबासाहेबांनी शेवटचं काम म्हणून तथागतांवरचा ग्रंथ पूर्ण केला आणि त्याच रात्री शांतपणे डोळे मिटले. ऐकायला ही गोष्ट बरी वाटते, पण ती जरा जास्तच गोळीबंद आहे. ग्रंथ पूर्ण झाला होता हे खरं. मात्र लिहिणाऱ्याच्या टेबलावर त्या वेळी आणखी किती कामं पडून होती, हे आपण सहसा बघत नाही. आम्ही स्वतः बरीच वर्षं बघितलं नव्हतं.

या ग्रंथाची सुरुवात एका लेखातून झाली. १९५० साली कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धम्माचं भवितव्य या विषयावर लिहिलं. साध्या माणसाला हाती धरता येईल असा एकच ग्रंथ बौद्धांकडे नाही, ही अडचण त्यांनी त्यात मांडली होती. मग ती दूर करायला स्वतःच बसले. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’चं लेखन १९५१ ते १९५६ असं चाललं. त्याच काळात मंत्रिपदाचा राजीनामा झाला, १९५२ ची लोकसभा निवडणूक हरली, १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरली. मधुमेह होता, पाय साथ देत नव्हते, नजर मंदावली होती. मध्यंतरी कच्च्या मसुद्याच्या पन्नास प्रती छापून जाणकारांना वाचायला दिल्या. तेव्हा ग्रंथाचं नावही वेगळं होतं. दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या घरी होशियारपूरकडचे नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद यांनी हस्तलिखित अनेकदा टाइप केलं, एक पैसाही न घेता. ‘अनेकदा’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. कारण एवढी विद्वत्ता असलेल्या माणसालाही पान पहिल्याच फटक्यात जमत नव्हतं.

१९५६ च्या मार्चमध्ये प्रस्तावना लिहून झाली. आता प्रश्न छपाईचा होता. खर्च सुमारे वीस हजार रुपये. त्यासाठी त्यांनी टाटांच्या ट्रस्टकडे मदत मागितली. १४ सप्टेंबरला पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. बुद्ध जयंतीचं २५०० वं वर्ष सरकार साजरं करत होतं, देशोदेशीचे विद्वान येणार होते, ग्रंथालयांना आणि या पाहुण्यांना देण्यासाठी सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात, एवढीच विनंती होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम आधीच ओलांडली गेली होती, त्यामुळे पत्र समितीचे अध्यक्ष राधाकृष्णन यांच्याकडे पाठवलं गेलं आणि पुस्तक जयंतीच्या काळात विक्रीला ठेवावं अशी सूचना मिळाली. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पाचशे प्रतींसाठी पत्र लिहितो आणि हे उत्तर येतं! आपल्या मुलांना हा प्रसंग माहीत असायला हवा.

पण आम्हाला खरं मोलाचं वाटतं ते त्यापुढचं. पुस्तक अडकलं म्हणून बाबासाहेब अडकले नाहीत. ग्रंथ हाती येण्याआधीच १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. १६ तारखेला चंद्रपूर झालं. दीक्षाभूमीवर जमलेल्या आपल्या आजी-आजोबांच्या हातात हा ग्रंथ नव्हता. त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा घेऊन ते घरी परतले. आधी पुस्तक येऊ दे, मग लोकांपुढे जाऊ, असा हिशेब बाबासाहेबांनी केला असता तर नागपूर घडलंच नसतं, कारण ग्रंथ बाहेर आला १९५७ साली, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातून.

नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि बुद्ध की मार्क्स या विषयावर बोलले. हा विषय त्यांच्या पुढच्या कामाचा होता. धम्म नीट समजायचा तर एक पुस्तक पुरणार नाही, तीन लागतील, असं त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवलं होतं. दुसरं बुद्ध आणि मार्क्सवर, तिसरं प्राचीन भारतातल्या क्रांती-प्रतिक्रांतीवर. दोन्हींची पानं तयार होत होती. शिवाय रिपब्लिकन पक्ष उभा करायचा होता, मुंबईत १६ डिसेंबरला मोठी दीक्षा व्हायची होती.

५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी रत्तूंकडून ग्रंथाची प्रस्तावना आणि परिचय मागवून घेतले. सोबत एस. एम. जोशी आणि आचार्य अत्रे यांना लिहिलेली पत्रंही होती, नव्या पक्षासंदर्भातली. मार्चमध्ये लिहिलेली प्रस्तावना डिसेंबरात पुन्हा टेबलावर! मजकूर सोडवत नव्हता म्हणावं, तर त्याच गठ्ठ्यात पुढच्या राजकारणाचे कागदही होते. पहाटेपर्यंत सारं तिथेच राहिलं. ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर, चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अथांग गर्दीला दीक्षा दिली. १६ तारखेची वाट बघायची गरज उरली नाही.

आमच्यातले काहीजण प्रबंध पूर्ण होऊनही ते कपाटात ठेवून बसलेत. एक संदर्भ राहिलाय, मार्गदर्शकांना अजून एकदा दाखवायचंय, वस्तीतलं काम त्यानंतर सुरू करू. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्हीही असंच केलं होतं, म्हणून टोमणा आधी स्वतःला.

ग्रंथाच्या परिचयात बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडलेत. सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का, आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्माचं काय, आणि भिक्खूचं प्रयोजन कोणतं. त्यांची स्वतःची उत्तरं ग्रंथात आहेत, तरी वाचकांनीही यात भर घालावी अशी अपेक्षा त्यांनी ठेवली. रत्तू-प्रकाशचंद यांचे आभार असलेली ती प्रस्तावना मात्र पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही. सविता माईंचं आणि डॉ. मालवणकरांचं ऋण त्यात नोंदवलेलं होतं.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आता ग्रंथ उघडला की आधी ती प्रस्तावना वाचतो, मग चारपैकी एक प्रश्न घेतो. दोन महिने झाले, अजून परिव्रज्येवरच आहोत.