अण्णांच्या दानाचा हिशेब

दान करावे असे पुष्कळांना वाटते. घरखर्च भागून काही उरले की देऊ, असे आपण म्हणतो आणि पगारदाराच्या घरात महिनाअखेर काही उरत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी कमवायला लागल्यापासूनच हा क्रम उलटा केला. मिळकत हाती आली की दानाचा वाटा आधी बाजूला, संसार उरलेल्यात.

अण्णा श्रीमंत नव्हते, हे इथे विसरून चालणार नाही. १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे जन्म, बालपण मुरूडला, घरची स्थिती बेताची. परीक्षेसाठी घाट ओलांडून साताऱ्याला चालत गेलेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवला गेलेला हाच तो मुलगा. १८८४ मध्ये गणित घेऊन ते बी. ए. झाले आणि मुंबईत शाळा व शिकवण्या करू लागले. पण गाव सुटले नाही. गावाबाहेर कमावणाऱ्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला ठरावीक हिस्सा गावच्या कामांसाठी द्यावा, या कल्पनेतून त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला. एकेकाची रक्कम लहानच असे. पण लहर आली म्हणून दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरसाल येणाऱ्या लहान रकमेवर काम उभे राहते, हे गणिताच्या या शिक्षकाने नेमके ओळखले होते.

१८९१ मध्ये पत्नी राधाबाई गेल्या. त्याच वर्षी ते फर्ग्युसन कॉलेजात रुजू झाले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम निघाला आणि अण्णांचे देणे एका दिशेला लागले. दहा ठिकाणी थोडे थोडे देण्यापेक्षा एक काम धरायचे आणि त्याला सगळे द्यायचे. शिल्लक गेली. आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसीही आश्रमाला गेली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला, तेव्हा कॉलेज संपवून अण्णा रोज तिकडे पायी जात. सुट्टीत गावोगाव वर्गणी मागत आणि आण्या-रुपयांचाही हिशेब चोख ठेवत.

आता घरातली बाजू पाहू. विम्याची पॉलिसी ही बायकोमुलांची उद्याची भाकरी असते. ती देऊन टाकली, तेव्हा बायांना संताप आला. तो रास्तच होता, असे म्हटल्याने अण्णांचा मोठेपणा उणावत नाही. त्यातच, पुनर्विवाहाच्या चळवळीमुळे आश्रमावर गंडांतर नको म्हणून अण्णांनी दोन्ही कामे वेगळी ठेवली होती. त्यामुळे ज्या आश्रमासाठी घर रिकामे होत होते, तिथे पुनर्विवाहित बायांनाच जागा नव्हती! त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेतले, काटकसर केली, मुले वाढवली. पुढे ‘माझे पुराण’ या आत्मकथेत त्यांनी हे सगळे मोकळेपणाने लिहिले. अण्णांच्या चरित्राशेजारी ते पुस्तक घरात असावे. दान नवऱ्याच्या नावावर पडते आणि त्याची किंमत स्वयंपाकघरात मोजली जाते, हे त्यात जागोजाग दिसते. देण्याचा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो, ही गोष्ट मात्र अण्णांच्या हिशेबातून सुटली.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. एवढी रक्कम पाठीशी उभी राहिल्यावर दुसऱ्या कुणी आपला लहानसा वाटा द्यायचे थांबवले असते.

अण्णांनी थांबवले नाही. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी नवे मंडळ स्थापन केले. त्यांना दरमहा ७० रुपये पेन्शन होती. त्यातले १५ रुपये दर महिन्याला मंडळाला जाऊ लागले. बायांना त्याचे नवल वाटले नसावे.