ब्रेक नसलेल्या गाडीचा राजा

मोटारसायकलला ब्रेक नाही, गिअर एकच आणि ट्रॅक मातीचा. चार स्वार एकाच वेळी सुटतात आणि घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. या खेळाचे नाव स्पीडवे. इंग्लंडमध्ये त्याचा एक लाडका स्वार होता, पीटर क्रेव्हन.

२१ जून १९३४ रोजी लिव्हरपूलमध्ये जन्मलेला पीटर अंगापिंडाने लहानखुरा होता. पुढे तो मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाचा आधारस्तंभ बनला. १९५५ मध्ये वेम्बली स्टेडियमवर, वयाच्या २१व्या वर्षी, तो जगज्जेता झाला. १९६२ मध्ये त्याने हा किताब पुन्हा जिंकला. दोनदा जगज्जेता होणारा तो पहिला इंग्लिश स्वार. चाहत्यांनी त्याला 'तोलाचा जादूगार' म्हटले.

या जादूमागे शरीरशास्त्र होते. स्पीडवेत वळण डावीकडे असते, पण स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवतो आणि पुढचे चाक उजवीकडे वळवतो. पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीला घासत जातो. अशा वेळी आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, डोळे ट्रॅकचा अंदाज घेतात, तर स्नायू आणि सांधे शरीराची स्थिती कळवतात. ही सगळी माहिती एकत्र करून क्षणात हालचाल दुरुस्त करण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. सरावाने हे काम जवळजवळ आपोआप होऊ लागते. शिवाय स्वार हलका असला की गाडी लवकर वेग घेते.

२० सप्टेंबर १९६३ रोजी एडिनबराच्या ट्रॅकवर पुढचा स्वार पडला. त्याला चुकवण्यासाठी पीटरने गाडी वळवली आणि तो कठड्यावर आदळला. डोक्याला जबर मार लागला. चार दिवसांनी, २४ सप्टेंबरला, त्याने प्राण सोडला. वय होते २९.

डोके अचानक थांबते तेव्हा आतला मेंदू कवटीवर आपटतो. ही पहिली इजा. नंतरच्या तासांत रक्तस्राव होतो, सूज येते, कवटीतला दाब वाढतो. ही दुसरी इजा वेळीच ओळखली तर पुष्कळदा रोखता येते. पण १९६३ मध्ये साध्या एक्स-रेत हाड दिसे, मेंदूतले रक्त दिसत नसे. सीटी स्कॅनने रुग्णाचा मेंदू पहिल्यांदा तपासला गेला तो १९७१ मध्ये, लंडनला. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन शुद्धीची पातळी मोजणारी ३ ते १५ गुणांची पद्धत १९७४ मध्ये आली, तीही स्कॉटलंडमधल्याच ग्लासगो शहरातून. आज जगभरच्या अपघात विभागांत ती वापरतात.

खेळही बदलला. त्या काळची हेल्मेट बहुधा वाटीसारखी, चेहरा उघडा ठेवणारी असत. आता चेहराही झाकणारी हेल्मेट आली आणि मोठ्या स्पर्धांत वळणांवर हवा भरलेली कुंपणे लागली. दोन्हींचे तत्त्व एकच: थांबण्यासाठी थोडा जास्त वेळ आणि अंतर मिळाले की मेंदूवरचा आघात घटतो. हेल्मेटच्या आतला फोम स्वतः चेपून हेच करतो. म्हणून एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे, आणि पट्टा न बांधता ते नुसते डोक्यावर ठेवू नये.

पीटरच्या नावाने बेल व्ह्यूवर स्मृतिचषकाच्या शर्यती सुरू झाल्या. त्याला खेळताना पाहिलेले प्रेक्षक आता थोडेच उरले आहेत. दोन किताबांच्या त्याच्या विक्रमाची बरोबरी करायला मात्र दुसऱ्या इंग्लिश स्वाराला २०१५ साल उजाडावे लागले. अपघातापूर्वीच्या एका क्षणात, पडलेल्या माणसावर गाडी जाऊ नये म्हणून, त्याने हँडल वळवले होते. तो पडलेला स्वार वाचला.